शाळा सुटल्यावरचा एक तास: क्लब कसा चालवायचा आणि ऑनलाइन साधनं कुठे वापरायची

ज्यावर व्हिडिओ नाही असा धडा आता शोधूनही सापडत नाही. गणिताचं कुठलंही उदाहरण घ्या, ते सोडवून दाखवायला दहाजण हजर असतात, तेही फुकट. तरीही मुलांचं अडायचं ते अडतंच. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, कोरा कागद समोर आला की हात थांबतो, आणि तेव्हा शेजारी कोणीच नसतं. शाळा सुटल्यावरचा क्लब हवा तो यासाठी.

म्हणून मुख्य नियम आधीच सांगून टाकते: क्लबच्या वेळात व्हिडिओ बघायचा नाही. बघायचा तो घरी, एकट्याने, हवं तिथे थांबवत. एकत्र जमल्यावर करायचं ते एकट्याला जमत नाही ते. वाद घालायचा, फळ्यावर चुकायचं, दुसऱ्याला समजावायचं, मोजमापं घ्यायची, काहीतरी बनवायचं. पुढचं सगळं हा नियम पाळायचा कसा याबद्दल आहे. विद्यार्थी स्वतः क्लब काढणार असतील तर त्यांच्यासाठी, आणि शिक्षक किंवा पालक त्यांना हात देणार असतील तर त्यांच्यासाठीही.

आधी काम ठरवा

क्लब काढायचं ठरलं की पहिली चर्चा नावाची आणि बोधचिन्हाची होते. ती पुढे ढकला. ज्याचं काम एका वाक्यात सांगता येत नाही तो क्लब महिनाभरात ओस पडतो. ‘विज्ञानाची आवड निर्माण करणे’ हे काम नव्हे, ते अहवालात लिहायचं वाक्य आहे. ‘दर आठवड्याला तीन अवघड उदाहरणं सोडवायची आणि त्यातल्या एकाची उकल फळ्यावर मांडायची’ हे काम. ‘सत्र संपेपर्यंत मातीतला ओलावा मोजून दिवा लावणारं यंत्र बनवायचं’ हेही काम.

हंगेरीत १८९४ साली शाळकरी मुलांसाठी गणिताचं एक मासिक सुरू झालं. ‘कोमाल’ या नावाने ते आज ओळखलं जातं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी उकली पाठवायच्या, चांगल्या उकली करणाऱ्यांची नावं छापायची, एवढंच त्याचं सूत्र. मासिक अजूनही निघतं. ठरलेल्या दिवशी येणारा अवघड प्रश्न आणि उकलीखाली आपलं नाव, यावर मुलं किती काळ टिकतात याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तुमच्या क्लबला मासिक नको, वर्गाबाहेरचा एक फळा पुरे.

कुठलंच सामान नसेल तर वादविवादाचा क्लब काढा. १९८८ पासून होणाऱ्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेचा साचा तयारच आहे. प्रत्येक बाजूला तीन वक्ते, प्रत्येकी ८ मिनिटं, आणि शेवटी दोन्ही बाजूंची ४-४ मिनिटांची उत्तराची भाषणं. मुख्य भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून समोरच्यांना मध्येच उठून प्रश्न विचारता येतो. तो घ्यायचा की नाही हे वक्ता ठरवतो. नवख्यांसाठी ८ मिनिटांची ४ करा. बाजू मात्र नाणं उडवूनच ठरवा. स्वतःला न पटणारी बाजू मांडायची वेळ आली की मुलं खरोखर वाचायला लागतात. एरवी पाठ केलेलं भाषण ठोकून मोकळी होतात.

बुद्धिबळाचा क्लबही स्वस्तात उभा राहतो. २०१० पासून चालू असलेलं लीचेस हे संकेतस्थळ पूर्ण मोफत आहे आणि त्यावर जाहिराती नाहीत. त्यावरची कोडी घरी सोडवायची, क्लबमध्ये मात्र खऱ्या पटावर खेळायचं. डाव संपल्यावर दोघांनी मिळून आधी स्वतःच्या डोक्याने चूक शोधायची, मग संगणकाला विचारायचं. हा क्रम उलटा झाला की मुलं फक्त ‘इथे घोडा हवा होता’ एवढं बघतात आणि का ते विचारतच नाहीत.

माणसं, जागा, वेळ

पाच ते आठ जणांनी सुरुवात करा. तीसजणांची यादी करून फुगून जायचं कारण नाही. निम्मी मुलं मित्र आला म्हणून आलेली असतात. दोन वेगवेगळ्या इयत्तांची मुलं असावीत, म्हणजे वरची शाळेतून बाहेर पडली तरी क्लब चालू राहतो, आणि धाकट्यांना समजावताना मोठ्यांच्या कच्च्या जागा उघड्या पडतात.

एका शिक्षकांना विचारा, पण नीट विचारा. ‘सर, तुम्ही शिकवा’ असं म्हणू नका. दिवसभर शिकवून थकलेला माणूस नाही म्हणणारच. ‘तुम्ही फक्त वर्गात बसा, वह्या तपासा, आम्ही अडलो तर विचारू’ म्हणा. मग मुख्याध्यापकांना अर्ज द्या. अर्जात वार, वेळ, खोली, जबाबदार शिक्षक आणि मुलं घरी किती वाजता निघणार हे स्पष्ट लिहा. शेवटची ओळ पालकांसाठी सगळ्यात महत्त्वाची असते आणि नेमकी तीच राहून जाते.

आठवड्यातून एकच दिवस, ७५ मिनिटं. वार आणि खोली बदलायची नाही. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ ठेवलेली बैठक कधीच होत नाही. तीन-चार मुलांत एक संगणक पुरेसा आहे. खरं तर तेच बरं, कारण प्रत्येकापुढे पडदा आला की बोलणं बंद पडतं.

त्या ७५ मिनिटांत काय करायचं

पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. वही, पुस्तक, फोन सगळं बंद. मागच्या आठवड्यात काय केलं ते आठवून लिहायचं, मग शेजाऱ्याशी ताडून बघायचं. मुलांना हे आवडत नाही, कुरकुर होते. पण ते का करायचं हे त्यांना सांगता येतं. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काही उतारे दोनदा वाचायचे, काही एकदा वाचून मग आठवून लिहायचे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर दोनदा वाचलेलं जास्त आठवत होतं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटलं: दोनदा वाचलेलं ४२ टक्के, आठवून लिहिलेलं ५६. आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचलेलं सकाळी पक्कं वाटतं आणि वार्षिक परीक्षेपर्यंत उडून जातं, ते याच कारणाने.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मुख्य काम. मग पंधरा मिनिटं फळ्यावर. दोन जण आपली उकल मांडतील, बाकीचे प्रश्न विचारतील. ज्याला पूर्ण उत्तर आलं नाही त्याला आधी बोलवा. अर्धवट उकलीवर चर्चा होते, पूर्ण उकलीवर फक्त टाळ्या. उरलेल्या वेळात पुढच्या आठवड्यासाठी घरी काय बघायचं ते ठरवा, पंधरा मिनिटांपेक्षा मोठं नको.

मुख्य काम कसं असावं, याचं एक उदाहरण जरा सविस्तर बघू. विषय वर्गसमीकरण, साधन डेसमॉस. हा आलेख काढणारा मोफत कॅल्क्युलेटर ब्राउझरमध्येच चालतो, खातं काढावं लागत नाही. ‘वाय बरोबर ए एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक सी’ एवढं टाइप केलं की तो ए, बी, सी साठी सरकपट्ट्या देतो. आता लगेच कोणी पट्टीला हात लावायचा नाही. आधी प्रत्येकाने कागदावर अंदाज लिहायचा: ए वाढवला तर अन्वस्ताचं, म्हणजे त्या समीकरणाच्या वक्राचं, काय होईल? सी बदलला तर? आणि बी?

ए आणि सी चे अंदाज बहुतेकांचे बरोबर येतात. ए वाढला की वक्र अरुंद होतो, ऋण झाला की पालथा पडतो. सी बदलला की अख्खा वक्र वर-खाली सरकतो. बी वर मात्र गाडी अडते. पुष्कळजण ‘डावीकडे-उजवीकडे सरकेल’ असं लिहितात. पट्टी ओढली की दिसतं, वक्र बाजूला तर जातो, पण ए धन असेल तर सरकताना खालीही उतरतो. मग प्रश्न टाका: शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो ते टोक, नेमका कुठल्या वाटेने जातोय? बी ची सात-आठ मूल्यं घेऊन शिरोबिंदू वहीत मांडायला लावा. ते बिंदू जोडले की आणखी एक अन्वस्त तयार होतो, पहिल्याच्या उलट्या तोंडाचा. त्याचं समीकरण ‘वाय बरोबर सी वजा ए एक्स वर्ग’. हे सिद्ध करायला फार काही लागत नाही. शिरोबिंदूचा एक्स म्हणजे उणे बी भागिले दोन ए. त्यावरून बी ची किंमत काढून मूळ समीकरणात घातली की झालं. पण हे मुलांनी स्वतः करायला चाळीस मिनिटं सहज जातात. व्हिडिओत दोन मिनिटांत सांगून टाकलं असतं आणि तितक्याच वेगाने विसरलंही गेलं असतं.

आधी अंदाज, मग पडदा, मग ‘का?’ हा क्रम जवळजवळ कुठल्याही विषयाला लावता येतो.

साधनं कोणती

चांगल्या संकेतस्थळांच्या याद्या मुलं साठवतात आणि पुन्हा उघडत नाहीत. एका विषयाला तीनच साधनं ठेवा. एक समजून घ्यायला, एक सरावाला, एक लक्षात ठेवायला. त्यापलीकडचं चौथं आलं तर तिघांपैकी एक काढायचं.

समजून घ्यायला आणि सरावाला, दोन्हींना खान अकॅडमी चालते. ही ना-नफा संस्था आहे, धडे आणि सराव मोफत. तिचे व्हिडिओ प्रसिद्ध आहेत, पण माझ्या मते खरा माल सरावसंचांमध्ये आहे. चुकल्यावर पायरीपायरीने सूचना मिळतात. आधी सरावसंच उघडा, अडलात तरच व्हिडिओकडे जा. आणि एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवू नका. दोन-तीन धड्यांची मिसळून घ्या. एकाच साच्याची उदाहरणं सोडवताना ‘इथे कोणती रीत लावायची’ हा निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि परीक्षेत पहिला निर्णय तोच असतो.

भौतिकशास्त्र आणि रसायनासाठी फेट, म्हणजे पडद्यावर प्रयोग करून बघायच्या प्रतिकृती. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यातली विद्युत परिपथ जोडण्याची प्रतिकृती क्लबसाठी फार उपयोगाची. दोन दिवे एकसर जोडा, मग समांतर जोडा, पण आधी कागदावर लिहा की कुठे ते जास्त उजळ दिसतील आणि एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल. काही प्रतिकृती मराठीतही भाषांतरित आहेत, त्यामुळे संज्ञांवर अडून बसावं लागत नाही. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढायचं साधन घ्या. त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढून बघितला की लंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू) त्रिकोणाबाहेर कधी जातो हे पाठ करावं लागत नाही.

लक्षात ठेवायला अंकी हे ॲप. प्रश्नोत्तरांचे पत्ते तयार करायचे, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जो पत्ता सोपा गेला तो उशिरा पुन्हा समोर येतो, जो अडला तो लवकर. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते मोफत आहे. सगळा खेळ पत्ता कसा लिहिता त्यावर आहे. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ हा वाईट पत्ता, कारण उत्तर पाच ओळींचं आणि बरोबर आलं की नाही हे ठरवायचं कसं? ‘प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कुठल्या पदार्थातून येतो?’ उत्तर: पाण्यातून. हा चांगला पत्ता. दुसऱ्याने बनवलेले तयार गठ्ठे उतरवून घेण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण पत्ता लिहिताना निम्मा अभ्यास होऊन जातो. क्लबमध्ये दर आठवड्याला प्रत्येकाने दोन पत्ते लिहायचे आणि शेजाऱ्याकडून तपासून घ्यायचे, एवढं केलं तरी सत्राअखेर गठ्ठा तयार.

प्रोग्रामिंगची सुरुवात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात तयार झालेल्या, ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायच्या स्क्रॅचने करता येते, पण थोरल्यांना ते पोरकट वाटतं. त्यांना प्रोजेक्ट ऑयलर या संकेतस्थळाकडे न्या, तिथे गणिताची कोडी प्रोग्राम लिहून सोडवायची असतात. तिथला पहिला प्रश्न असा: १००० पेक्षा लहान असलेल्या आणि ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या सगळ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज किती? आधी १० पेक्षा लहान संख्यांसाठी हाताने करा: ३, ५, ६, ९, बेरीज २३. मग प्रोग्राम लिहा. मग विचारा, संगणकाशिवाय होईल का? अंकगणिती श्रेढी शिकलेलं कोणीतरी पटकन ३ च्या आणि ५ च्या पटींची बेरीज करतं आणि उत्तर जास्त येतं. १५ च्या पटी दोनदा मोजल्या गेल्या हे ध्यानात यायला थोडा वेळ जातो, तो जाऊ द्या. इलेक्ट्रॉनिक्सचं काम असेल तर भाग विकत घेण्याआधी टिंकरकॅड या संकेतस्थळावर परिपथ जोडून बघा. तिथे आर्डुइनो (प्रोग्राम घालून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) सुद्धा पडद्यावरच चालवता येतो आणि काही जळत नाही.

निसर्गनिरीक्षणाच्या क्लबला आयनॅचरलिस्ट (दिसलेल्या सजीवांच्या नोंदी टाकायच्या), आकाशाच्या क्लबला स्टेलॅरियम (पडद्यावर तारे दाखवणारं). झूनिव्हर्स या संकेतस्थळावर खऱ्या संशोधनाला लागणारी वर्गीकरणाची कामं असतात, दीर्घिकांची छायाचित्रं बघून त्यांचे आकार ओळखणं वगैरे. २००७ मध्ये त्यांच्या गॅलेक्सी झू प्रकल्पात हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एक विचित्र ठिपका दिसला. कोणालाच तो ओळखता आला नव्हता. आज तो तिच्या नावाने ओळखला जातो. हे सांगितलं की मुलं चित्रं जरा लक्ष देऊन बघतात.

सविस्तर वाचायला ओपनस्टॅक्सची मोफत पाठ्यपुस्तकं आहेत, इंग्रजी साहित्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग. विकिपीडियावर लेखापेक्षा तळाच्या संदर्भांचा उपयोग जास्त करा.

घरी व्हिडिओ बघण्याची रीत

उदाहरण वाचून दाखवलं की थांबवायचं. पाच मिनिटं स्वतः झटायचं. मग पुढची एकच पायरी बघायची, परत थांबवायचं. भाषा अडत असेल तर सबटायटल्स चालू करा आणि वेग कमी करा; दुप्पट वेगाने बघून वेळ वाचतो असं वाटतं, पण गणितात तो नंतर व्याजासकट जातो. व्हिडिओ संपल्यावर वहीत एक प्रश्न लिहून आणायचा, अडलेला किंवा उत्सुकतेचा. प्रश्न नसेल तर व्हिडिओ बघितलाच नाही असं धरायचं, हा नियम क्लबने कडक पाळावा.

एआयचं काय

बंदी घालून उपयोग नाही, मुलं वापरतातच. मर्यादा आखा. आधी स्वतःचा प्रयत्न कागदावर हवा. तो दाखवून ‘माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे? उत्तर सांगू नकोस’ असं विचारायचं. किंवा धडा देऊन ‘मला प्रश्न विचार’ म्हणायचं. चॅटबॉट ठाम सुरात चुकीचं सांगतो, विशेषतः सनावळ्या, संदर्भ आणि लांबलचक आकडेमोड. म्हणून त्याच्याकडून आलेली उकल क्लबमध्ये फळ्यावर तपासायची, आणि चूक सापडवणाऱ्याचं नाव फळ्यावर लिहायचं. यात मुलांना भलताच रस येतो. पण निबंध किंवा भाषण त्याच्याकडून लिहून आणलं तर त्या आठवड्यात बोलायची पाळी गेली.

खाती आणि सुरक्षितता

बऱ्याच सेवांना खातं काढायला किमान १३ वर्षांची अट असते, काही ठिकाणी जास्त. खोटं वय घालायला मुलांना शिकवू नका. शाळेने दिलेलं खातं वापरा किंवा खात्याशिवाय चालणारी साधनं निवडा. खात्याच्या नावात स्वतःचं पूर्ण नाव, शाळा किंवा जन्मवर्ष नको. गटाच्या चॅटमध्ये जबाबदार शिक्षक असलेच पाहिजेत आणि रात्री संदेश टाकायचे नाहीत. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकताना नेमकं ठिकाण धूसर करण्याची सोय आहे. घराच्या किंवा शाळेच्या आवारातली छायाचित्रं टाकताना ती आठवणीने वापरा.

नेट धड नसेल तरी अडत नाही. किविक्स या ॲपने अख्खा विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, फेटच्या बहुतेक प्रतिकृती उतरवून नेटशिवाय चालतात, अंकीला रोज नेट लागत नाही. उदाहरणं तर छापूनच आणा.

मध्येच मरगळ आली की

चौथ्या-पाचव्या आठवड्यात ती येतेच. नवलाई संपलेली असते, काम अर्धवट असतं. तेव्हा भाषण देऊ नका, काम लहान करा. यंत्र बनवत असाल तर त्या दिवशी फक्त एक दिवा पेटवून दाखवा.

दुसरं दुखणं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकणाऱ्या हुशार मुलाचं. त्याला गप्प बसवू नका, त्याचं काम बदला. उत्तर द्यायचं नाही, फक्त प्रश्न विचारून दुसऱ्याला उत्तरापर्यंत न्यायचं. सुरुवातीला तो चिडतो. अजिबात न बोलणाऱ्यांसाठी जोडीने फळ्यावर जाण्याची मुभा ठेवा. त्यांच्याकडून आधी फक्त आकृती काढून घ्या.

परीक्षेच्या काळात क्लब बंद करण्यापेक्षा आखूड करा. अर्धा तास, कोरा कागद आणि जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक मिसळीचं पान. नवीन काहीही नको.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. तारीख, कोण आलं, कुठला प्रश्न घेतला, कुठे अडलो, पुढच्या वेळी काय. रोज वेगळ्याने लिहायचं. वर्ष संपायच्या महिनाभर आधी पुढच्या इयत्तेतल्या दोघांना नेमा, शेवटच्या चार बैठका त्यांनाच चालवू द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. वही त्यांच्या हाती द्या, क्लबच्या खात्यांचे पासवर्ड त्यांच्यासमोर बदला आणि नवे पासवर्ड शिक्षकांकडे ठेवा.